महायुद्धात रेशनिंग आलं तेव्हा कोकणातली घरं बाजार कसा करायची?

मनात येईल ते आणायची सवय गेली आणि दुकानात काय आलंय ते बघून स्वयंपाक ठरवायला लोक शिकले, थोडक्यात एवढंच. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला, कोकणात भात पिकतं पण बहुतेकांना वर्षभर पुरत नाही त्यामुळे फटका जोरात बसला. मुंबईत मे १९४३ ला रेशनिंग सुरू झालं, तिथे गिरणीत असलेल्या आपल्या लोकांना कार्डावर माणशी ठरलेलंच धान्य, तांदूळ कमी म्हणून ज्वारी-गव्हाची पण सवय करावी लागली (भातखाऊ माणसाला ही खरी शिक्षा!). गावाकडचं मी आजीकडून ऐकलंय:

- तांदूळ सणाला नि आजाऱ्याला, एरवी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, पावसाळ्यासाठी साठवलेल्या आठळ्या (फणसाच्या बिया)
- साखरेऐवजी गूळ
- रॉकेल मिळेना म्हणून दिव्याला उंडीच्या झाडाच्या बियांचं तेल, जेवणं उजेडातच

फक्त हे सगळ्यांना सारखं लागू नाही, ज्यांची स्वतःची भातशेती भरपूर होती त्यांना तांदळाची एवढी झळ लागली नाही, त्यांची अडचण मुख्यतः साखर, रॉकेल आणि कापडाची.