जूनमध्ये मेंढ्या माळावर सोडायची घाई नको

माण तालुक्यातनं एका दादांनी विचारलंय, घरचं चार एकर माळरान आहे, मेंढ्या 40, पावसाळ्यात गवत चांगलं येतं पण संक्रांतीपर्यंत माळ उघडा पडतो, आणि दरवर्षी जूनमध्ये मेंढ्यांना हगवण लागून दोन-तीन दगावतात, काय करावं?

दादा, दोन्हीचं मूळ बऱ्याच अंशी एकच, पहिल्या हिरव्यावर मेंढ्या लगेच सोडणं. पहिल्या पावसानंतर गवताचा कोंब फुटतो तो मुळांमध्ये साठवलेल्या अन्नावर, आणि मेंढी अगदी जमिनीलगत खाते, त्यामुळे तेवढ्यात खुडला की ठोंब कमजोर होतो, दोन-तीन वर्षं असंच चाललं की पवना, मारवेल ही चांगली गवतं जातात आणि तरोट्याचं तण, कुसळी गवत माजतं. म्हणून गवत वीतभर होईपर्यंत थांबा. पण 40 मेंढ्या ठेवायच्या कुठं? माळाचे चार तुकडे करा, बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण चालतं, आणि त्यातला सगळ्यात खराब तुकडा तेवढ्यापुरता वापरा, सोबत भुईमुगाचा पाला, कडब्याची कुट्टी द्या. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, लोकर गळते. नंतर एका तुकड्यात आठवडाभर मेंढ्या चारा, गवत चार बोटं राहिलं की पुढच्यात न्या.

हगवणीचं म्हणाल तर कोवळ्या लुसलुशीत गवतावर उपाशी मेंढी तुटून पडते आणि आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याचा रोग होतो, त्याची लस मे महिन्यातच टोचून घ्या, पहिल्यांदा टोचत असाल तर पंधरा दिवसांनी परत. सकाळी कोरडा चारा घालूनच बाहेर काढा, तेही दव उडाल्यावर, कारण जंतांची पिल्लं ओल्या पात्यावर चढून बसतात. जंताचं औषध पावसाळ्याआधी आणि नंतर, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. तळ्याकाठच्या दलदलीत चारू नका, गोगलगाईंमुळे लिव्हर फ्लूक, म्हणजे काळजातला चपटा जंत होतो.

आता संक्रांतीचं. एका मेंढीला दिवसाला साधारण किलोभर वाळला चारा धरला तर 40 मेंढ्यांना महिन्याला 12 क्विंटल लागतो, म्हणजे नुसत्या चार एकरावर वर्ष निघणं अवघड, हे मी स्पष्टच सांगतो. पण आपल्याकडं गवत पार पिवळं झाल्यावर दिवाळीनंतर कापतात, तोवर त्यातला कस गेलेला असतो. एक तुकडा फुलोऱ्यातच कापा, दोन-तीन दिवस वाळवून गंजी घाला. कुसळी तर कुसळ धरायच्या आधीच कापा किंवा मेंढ्यांना चारून टाका, नाहीतर ती कुसळं लोकरीतनं कातडीत घुसतात, डोळ्यातही जातात. अन् एक तुकडा बी झडेपर्यंत राखा, दरवर्षी वेगळा. मग रब्बीत कापणी झालेल्या रानात मेंढ्या बसवा, शेतकऱ्याला खत मिळतं, तुमच्या माळाला विसावा.

पहिल्या पावसानंतर माळावर काय काय फुटतंय त्याचा फोटो पाठवा, पवना-मारवेल अजून शिल्लक असेल तर अंजन गवत पेरायचा खर्च करायची गरज नाही.