विषाणूंवर संशोधन करायचंय? मग गणित सोडू नकोस

प्रश्न : विषाणू स्वतःच्या कवचाहून शंभर पटींनी लांब डीएनए आत भरतो आणि पेशीला चिकटताच बाहेर सोडतो, हे वाचल्यापासून यातच संशोधन करावंसं वाटतंय. म्हणून पदवीला गणित-भौतिकशास्त्र सोडून फक्त जीवशास्त्र घ्यायचं ठरवलंय. घरचे विचारतात, यात पुढे काय?

उत्तर : विषय तू फार सुंदर निवडलास, पण तिथे पोचायला जे लागतं तेच सोडायला निघाला आहेस.

फाय-२९ हा जिवाणूंना ग्रासणारा विषाणू बघ. त्याचं डीएनए सुमारे ६.६ मायक्रोमीटर लांब आणि कवच ५० नॅनोमीटरच्या आसपास. डीएनए इतक्या छोट्या जागेत सहजी वाकत नाही, शिवाय त्यावरचे ऋणभार एकमेकांना दूर लोटतात. म्हणून आधी रिकामं कवच तयार होतं आणि त्याच्या तोंडाशी बसलेली प्रथिनांची मोटर एटीपी या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या बळावर डीएनए आत रेटते. (सगळे विषाणू असं करत नाहीत, कित्येकांचं कवच आरएनएभोवतीच रचलं जातं.) २००१ मध्ये जैवभौतिकशास्त्रज्ञ कार्लोस बुस्तामांते आणि सहकाऱ्यांनी डीएनएचं मोकळं टोक एका सूक्ष्म मण्याला जोडलं, मणी लेझरच्या चिमटीत धरला आणि मोटरची ओढ मोजली. ती निघाली सुमारे ५७ पिकोन्यूटन (न्यूटनच्या लाख कोटीव्या भागाला पिकोन्यूटन म्हणतात), रेणूंच्या मोटरसाठी ही ओढ मोठीच! कवच अर्धं भरलं की मोटर मंदावत जाते, कारण आतला दाब वाढत असतो.

बाहेर पडण्याची गोष्टही तशीच. लॅम्डा विषाणूला जिवाणूच्या पृष्ठभागावरचं ठरावीक प्रथिन भेटलं की कवचाचं तोंड उघडतं. परीक्षानळीत बाहेरचा ऑस्मॉटिक दाब (द्रावणात विरघळलेल्या पदार्थांमुळे येणारा दाब) पुरेसा वाढवला, तर डीएनए अर्ध्यावरच थांबतं. जिवंत पेशीतही थोडा दाब असतोच, त्यामुळे उरलेला भाग आत कसा ओढला जातो, हा वेगळाच प्रश्न उभा राहतो आणि मला तो सगळ्यांत रंजक वाटतो.

आता यातले शब्द बघ : बल, दाब, विद्युतभार, ऊर्जा. यावर काम करणाऱ्यांत भौतिकशास्त्राचे पदवीधर बरेच भेटतात. तेव्हा जैवभौतिकशास्त्राची पदवी मिळत असेल तर उत्तम. नसेल तर भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र मुख्य ठेव आणि रेणवीय जीवशास्त्र जोडीला घे. प्रोग्रॅमिंग मात्र पहिल्याच वर्षी सुरू कर. जीवशास्त्र मागाहून वाचून बऱ्यापैकी भरून काढता येतं. गणिताची सवय तुटली की ती परत लागणं फार जड जातं.

घरच्यांची काळजी रास्त आहे. पीएचडी धरून हा रस्ता लांबचा आहे, हे त्यांच्यापासून लपवू नकोस. त्यांना लेटरमोव्हिरबद्दल सांग. सायटोमेगॅलोव्हायरस या, प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना धोकादायक ठरणाऱ्या विषाणूवरचं हे औषध डीएनए कवचात भरणाऱ्या यंत्रणेवरच घाव घालतं. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली आणि मूळपेशी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना ते दिलं जातं. शिवाय या वाटेवर शिकलेलं क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं (गोठवलेल्या रेणूंची रचना दाखवणाऱ्या यंत्राचं) किंवा संगणकीय प्रतिरूपाचं काम औषधनिर्मितीतही चालतं, त्यामुळे प्राध्यापकी हाच एक पर्याय उरत नाही.

प्रवेशअर्ज भरण्याआधी अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापर्यंत गणित आहे का, तेवढं तपासून घे.