वारेवर काम करणार आहेस म्हणून

बडोदा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद. एम.एस्सी. झालीस आणि पीएच.डी.साठी वार (प्लॅसेंटा) हा विषय घेतलास, हे तुझी आई दांडिया बाजारात भेटली तेव्हा कळलं. फार आनंद झाला. प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या या अवयवाकडे वळणारे थोडे, म्हणून हे लिहिते आहे.

एक प्रश्न तुला सगळीकडे भेटेल. गर्भाची निम्मी जनुकं बापाची, मग आईचं शरीर त्याला परकं म्हणून झिडकारत का नाही? ब्रिटिश प्रतिकारशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1953 साली तो मांडला. त्यांनी सुचवलेल्या उत्तरांपैकी एक होतं, आईची प्रतिकारशक्ती गरोदरपणात मंदावते. हे लोकांच्या डोक्यात इतकं बसलंय की विचारूच नकोस. त्यावर प्रबंध उभारू नकोस. गरोदर बाईला आपण धनुर्वाताची लस देतो ती कशाच्या भरवशावर? तिचं शरीर प्रतिपिंडं बनवेल आणि वार ती बाळापर्यंत पोचवेल, याच ना?

कुठलीही गोष्ट वाचलीस की आधी विचार: कोणती पेशी, कुठली जागा, कितवा आठवडा? वारेच्या बोटांसारख्या, आईच्या रक्तात बुडालेल्या अंकुरांवर सिन्सिशियोट्रोफोब्लास्टचा, म्हणजे एकजीव झालेल्या ट्रोफोब्लास्ट पेशींचा (वारेच्या, गर्भाकडून आलेल्या बाहेरच्या पेशींचा) थर असतो. त्यात असंख्य केंद्रकं, पण मध्ये पेशींच्या सीमाच नाहीत. पेशींना असं एकजीव करणारं सिन्सिटिन-1 हे प्रथिन, आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात कधीकाळी शिरलेल्या एका रेट्रोव्हायरसच्या (स्वतःची जनुकं यजमानाच्या जनुकांत मिसळणाऱ्या विषाणूच्या) जनुकातून येतं. 2000 साली हे प्रसिद्ध झालं. आजही वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. या थरावर एचएलएचे, म्हणजे पेशी आपली की परकी हे दाखवणारे रेणू नसतात, त्यामुळे आईच्या टी पेशींना (परकं ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना) ओळखायला काही सापडत नाही. गर्भाशयाच्या अस्तरात घुसणाऱ्या ट्रोफोब्लास्टचं मात्र वेगळं. त्यांच्यावर एचएलए-जी असतं, एचएलए-सी असतं, आणि तिथे त्यांची गाठ आईच्या एनके (नॅचरल किलर) पेशींशी पडते. पहिल्या तिमाहीत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे 70 टक्के याच असतात. त्या गर्भावर हल्ला करत नाहीत, उलट वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयाच्या सर्पिल धमन्या रुंद व्हायला मदत करतात. आईकडे केआयआरचा (एनके पेशींवरच्या, एचएलए ओळखणाऱ्या रेणूंचा) एए हा जनुकगट आणि बाळाकडे एचएलए-सीचा सी2 हा प्रकार असेल तर प्री-एक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या गंभीर आजाराचा) धोका वाढतो, असं 2004 साली दाखवलं गेलं. या जोडीत एनके पेशींवर लगाम जास्त पडतो. म्हणजे त्या गप्प बसल्या तरी बिघडतं!

पूर्ण दिवसांची, साधारण अर्ध्या किलोची वार तुला सयाजी हॉस्पिटलमधून मिळू शकेल. पण धमन्या रुंदावण्याचं बरंचसं काम पहिल्या निम्म्या गरोदरपणातच उरकलेलं असतं, तेव्हा शेवटच्या वारेवरून सुरुवातीबद्दल ठाम विधानं नकोत. उंदरातही ट्रोफोब्लास्ट माणसाइतका खोल जात नाही. मानवी ट्रोफोब्लास्टचे ऑर्गनॉइड (प्रयोगशाळेत वाढवलेल्या अवयवाच्या छोट्या प्रतिकृती) 2018 पासून वाढवता येतात, ते तंत्र शिकून घे.

आणि संमती कळा चालू असताना कधीही मागू नकोस. आधीच्या तपासणीला बाई येईल तेव्हा, तिला कळेल त्या भाषेत, घरच्यांच्या गराड्यातून बाजूला घेऊन बोल. काही घरांत वार पुरायची रीत असते. ती नको म्हणाली की विषय संपला. हो म्हणाली तर नमुना लगेच लॅबमध्ये आण आणि आठवडे, प्रसूतीचा प्रकार, वेळ, तुकडा नाळेपासून किती लांबून घेतला, सगळं तिथल्या तिथे लिही.

पहिल्या स्लाइड तयार झाल्या की घेऊन ये, बरोबर बसून बघू.

तुझ्या बाई