भीती वाटली तर पेशी रुजतील ना?

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरील केमोथेरपीचा पहिला टप्पा संपवून रक्त तयार करणाऱ्या स्वतःच्याच मूलपेशींच्या प्रत्यारोपणाची तयारी करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका प्राथमिक शिक्षिकेने हा प्रश्न माझ्यासमोर गुन्ह्याची कबुली द्यावी तसा मांडला. "मॅडम, सगळे सांगतात, पॉझिटिव्ह राहा. पण रात्री दोनला जाग आली की वाईटच मनात येतं. त्यामुळे पेशी रुजल्या नाहीत तर?"

मनात भीती आली म्हणून पेशी रुजायच्या थांबत नाहीत, हे मी त्यांना आधी स्पष्ट सांगितले. सकारात्मक राहण्याचा सल्ला देणाऱ्याला फुकट पडतो. घेणाऱ्याची मात्र त्यापायी झोप उडालेली मी अनेकदा पाहिली आहे.

मग भीती नेमकी कशाची, हे विचारत गेल्यावर कळले की मूलपेशी काढण्यासाठी कमरेचे हाड फोडतात, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राद्वारे रक्तातूनच त्या वेगळ्या करतात. त्या दिवसांत हाडे दुखतात, हे आधी ठाऊक असले म्हणजे आजार उलटला की काय, या शंकेने जीव घाबरा होत नाही. मेल्फलान या केमोथेरपीच्या औषधाचा मोठा डोस चालू असताना तोंड येऊ नये म्हणून बर्फाचे खडे चघळायला देतात, काढून ठेवलेल्या मूलपेशी परत दिल्यावर रक्तातील पांढऱ्या पेशी वाढू लागायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात, हेही बोलणे झाले. या उपचाराने मायलोमा सहसा कायमचा जात नाही, पण बराच काळ आटोक्यात राहू शकतो, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेच होते. ते गोड करून सांगण्याचा प्रयत्न मी केला नाही.

पुढच्या भेटीला त्या हजेरीपटासारखी आखलेली वही घेऊन आल्या. दातांची तपासणी, केस बारीक कापणे, वरून कच्ची कोथिंबीर न घालता आमटी करायला यजमानांना शिकवणे, अशी कामे डावीकडे होती आणि शेवटच्या रकान्यात 'भीती' लिहून रोजची हजेरी मांडली होती. सलग सहा रात्री तिथे 'ह' होता. त्याच सहा दिवसांत दातांची तपासणी झाली होती, केस कापून झाले होते, आणि आमटीपुढे लाल शाईत शेरा होता : 'मीठ कमी, पुन्हा करून दाखवावी.'