फँटसी कथांमध्ये यिन शक्ती नेहमी थंड, काळी आणि भुताखेतांचीच का असते? ताओवादात खरंच तसं आहे का?

नाही, तसं नाहीये. (यिन आणि यांग ही चिनी विचारातली एकमेकांना पूरक जोडी, आणि ताओवाद ही चीनचीच एक जुनी धर्म-तत्त्वज्ञानाची परंपरा.) आणि "माझ्या नायकाला यिन शक्ती दिली तर चालेल का" असं जे तुम्ही खाली विचारलंय, तर बिनधास्त द्या. याच विषयावर माझा सख्ख्या भावाशी सहा वर्षं वाद चालू आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादा त्या चायनीज साधना-कथांची, म्हणजे साधना करत नायक एकेक पायरी वर चढतो त्या फँटसीची, भाषांतरं रात्र रात्र जागून वाचतो आणि स्वतःही एक लिहितोय. त्याची पॉवर सिस्टीम, म्हणजे कोणाला कुठली शक्ती आणि ती कशी वाढते याचे नियम, आम्ही दोघांनी मिळून बनवली होती, दोनशे पानी वहीत तक्ते आखून. यांग म्हणजे आग, सूर्य, नायक. यिन म्हणजे बर्फ, प्रेतं आणि एक गोरीपान राणी जी शेवटी मरते. प्रत्येकाला यिनचा मीटर, शंभर भरला की पुढची लेव्हल. मला हे तेव्हाही खटकत होतं पण का ते सांगता येत नव्हतं, आणि दादाचं एकच, "तुला या जॉनरमधलं कळत नाही."

मग कंपनीने मला दोन वर्षांसाठी जियांगयिनला पाठवलं. जियांगसू प्रांतात, यांगत्सेच्या काठावर. पहिल्याच आठवड्यात ऑफिसमधल्या मुलीला विचारलं, अगं तुमच्या शहराच्या नावातच यिन आहे, अशुभ नाही वाटत? तिला प्रश्नच कळेना. तिने कागदावर एक आडवी रेघ मारली, म्हणाली ही नदी, मग रेघेच्या खाली बोट टेकवलं, हे आपण. जियांग म्हणजे नदी आणि यिन म्हणजे तिचा दक्षिण काठ. झालं.

यिनचा मुळातला अर्थच डोंगराची सावलीतली बाजू. त्या अक्षरात डोंगराची खूण आहे. डोंगराची उत्तर बाजू यिन, पण नदीचा मात्र दक्षिण काठ यिन, कारण त्या काठाचा उतार उत्तरेकडे तोंड करून असतो, ऊन कमी. लोयांग शहर लो नदीच्या उत्तरेला म्हणून यांग, हुआयिन हुआ पर्वताच्या उत्तरेला म्हणून यिन. आपल्याला हे चटकन डोक्यात बसत नाही कारण पुण्यात जूनमध्ये दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो, तिथे बारा महिने तो दक्षिणेलाच.

हिवाळ्यात तर रोज सकाळी मोबाइल उघडला की हवामानाच्या जागी हेच अक्षर, यिन. म्हणजे नुसतं ढगाळ. माझी खोली उत्तरेकडची, भाडं कमी होतं म्हणून घेतलेली, आणि सरकारी हीटिंग ह्वाय नदीच्या उत्तरेलाच आणि आम्ही तिच्या दक्षिणेला असल्यामुळे भिंती अक्षरशः ओल्या लागायच्या. या दमट थंडीला तिथे यिनलंग म्हणतात. एका रविवारी ऊन पडलं तर शेजारच्या आजींनी दार वाजवून माझी रजई मागितली आणि त्यांच्या दक्षिणेच्या गॅलरीत टाकली. एक वाजता परत हाक, ये, उलटायचीये. वरची बाजू कढत, खालची गार आणि जराशी ओलसर, माझे दोन्ही हात एकाच रजईत. उलटली आणि थोड्या वेळात तीच गार बाजू कढत झाली.

त्या रात्री दादाला फोन केला. म्हटलं यिन ही वस्तूच नाहीये रे, ती बाजू आहे, कशाच्या तरी मानाने सावलीत असणं. रजईत किती लिटर यिन आहे हे मोजता येतं का? मग मीटर कसला भरतोस? ताओवादाचा मूळ ग्रंथ ताओ ते चिंग, त्याच्या ८१ प्रकरणांत यिन हा शब्द एकदाच येतो, ४२व्या प्रकरणात, आणि तिथेही सगळी सृष्टी यिन पाठीवर घेऊन यांगला कवटाळते असंच आहे, दोन्ही एकाच अंगावर. यी चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथात तर पाच तुटक रेघा आणि तळाशी एकच अखंड रेघ असं चिन्ह आहे, २४वं, परतीचं. ते हिवाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीशी जोडतात, म्हणजे यिन टोकाला गेलं की तिथूनच यांग सुरू. मग तुझी राणी मीटर शंभरला पोचल्यावर अजिंक्य कशी होते? तेव्हाच तर ती उलटायला पाहिजे!

दादा म्हणाला, यिन म्हणजे आपली शक्ती, प्रकृती, झालं. हेही चूक. आपल्या सांख्य दर्शनात पुरुष नुसता साक्षी आणि हालचाल सगळी प्रकृतीची. यिन उलट स्थिर, घेणारं, आणि हलतं ते यांग. यिन आणि प्रकृती दोन्हींना बाईचं रूप मानतात म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

आता दादाची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. भुतांना यिन मानणं लेखकांनी काढलेलं नाही, चिनी लोकधर्मात मेलेल्यांच्या जगालाच यिनचं जग म्हणतात. ताओवादातल्याच अंतर्गत किमयेच्या साधनेत, म्हणजे स्वतःच्या शरीरातल्याच ऊर्जेवर काम करून अमर होऊ पाहणाऱ्या ध्यानसाधनेत, सगळं यिन जाळून शुद्ध यांग व्हायचं असं ध्येय आहे, ल्यू दोंगबिन या अमर सिद्धाची उपाधीच शुद्ध यांग. म्हणजे वर मी "नाही" म्हटलं ते सगळ्या ताओवादाला लागू नाही. आणि यांग वरचं, यिन खालचं, नवरा वर, बायको खाली, ही उतरंड दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतल्या दोंग चोंगशू या कन्फ्यूशियन विद्वानाने पक्की केली. दादाला हे मी कधी सांगितलेलं नव्हतं, सांगायला हवं होतं.

पण म्हणून राणीला मारायलाच हवं असं कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही नायकाला यिन देताय तर बर्फाचे गोळे फेकायला लावू नका, समोरच्याचा जोर अंगावर घेऊन तो रिता करू दे, आणि एकासमोर यिन असलेला माणूस दुसऱ्यासमोर यांग ठरू दे. दादाने राणीचं प्रकरण अजून लिहिलेलं नाही, वही माझ्याकडे आहे.