नवीन वर्षाच्या आसपास नागपुरात घरी आणि बाहेर साधं काय करता येईल?

प्रश्न वाचला. पुण्याहून बदली होऊन जूनमध्ये नागपुरात आले, दोन पोरं, एक तिसरीत एक सातवीत, सासू-सासरे नवीन वर्षाला आठ दिवस राहायला येणार, आणि ३१ तारखेला हॉटेलात माणशी पैसे भरून डीजेपुढे उभं राहायची तुमची इच्छा नाही. तर घरी नाहीतर बाहेर साधं काय करता येईल, असं विचारलंय तुम्ही.

मी जन्मापासून इथलाच, आधी महाल भागात होतो, आता मानेवाड्याकडे राहतो, म्हणून जे आम्ही खरंच करतो तेच सांगतो. एक गोष्ट आधी डोक्यात घ्या की आमच्याकडे नवीन वर्ष ३१ च्या रात्री नसतं, ते नाताळच्या सुट्ट्यांपासून संक्रांतीपर्यंत चालतं, वीस-एक दिवस, आणि बहुतेक वेळ गच्चीवर. तुम्ही जूनमध्ये आले म्हणजे या गावाचं ऊन तुम्ही शेवटी शेवटी पाहिलं, आणि मनात दोन शिव्या दिल्याच असतील. आता त्याच उन्हाला जाऊन बसायचंय. मे महिन्यात ४५-४६ ला आम्ही ज्याच्यापासून पळतो ते डिसेंबरात सकाळी नऊ वाजता इतकं गोड लागते की माणूस उठतच नाही.

तर पहिलं काम, चटई घ्या, एक जुनी चादर घ्या आणि वर जा. पोरांना काही सांगू नका की आता आपण मजा करणार आहोत वगैरे, तसं सांगितलं की ते मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात. बाजारातून किलो-दोन किलो तुरीच्या शेंगा आणा, हिरव्या, अर्ध्या मीठ टाकून उकडा आणि अर्ध्या तशाच वर न्या सोलायला. तुरीच्या हिरव्या दाण्याला आमच्याकडे सोले म्हणतात, सासूबाईंच्या पुढ्यात सोल्याचं पातेलं ठेवलं की गप्पा आपोआप सुरू होतात, पोरं अर्धे दाणे खाऊन टाकतात, उरलेल्यात संध्याकाळी वांगं टाकून भाजी. उकडलेल्या शेंगांचं तर विचारूच नका, दातांनी ओढून खायच्या, टरफलांचा ढीग पाहूनच कळते सकाळ कशी गेली ते. भांडंभर सोलायला दोन तास लागले तर समजा बरोबर चाललंय.

सोबत संत्री. आत्ता जे मिळून राहिलं ते आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याचं, थोडं आंबटगोड असते, म्हणून पोरं म्हणाली की नागपूरचं संत्रं तर आंबट आहे तर वाईट वाटून घेऊ नका, मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल ते जास्त गोड. सालं मात्र फेकू नका. रात्री मेणबत्ती लावून साल ज्योतीजवळ धरून दाबायचं, सालातलं तेल उडते आणि तडतड ठिणग्या उडतात, फुलबाजीसारख्या. मोठ्यांनी सोबत बसायचं एवढंच. माझी पोरगी सात वर्षांची असताना तिने एका संध्याकाळी नऊ संत्री खाल्ली, फक्त सालांसाठी, दुसऱ्या दिवशी पोटाचं जे झालं ते झालं.

आता पत्ते. तुम्ही घरात सहा जण होता, त्यात चार जण पक्के मिळाले की मेंढीकोट खेळा, रमी नको, रमीत प्रत्येक जण आपल्यापुरता खाली मान घालून बसतो. मेंढीकोट येत नसेल तर असा आहे, समोरासमोरचे दोघं पार्टनर, प्रत्येकाला १३ पानं, दहिला म्हणजे दहाचं पान, त्यालाच मेंढी म्हणतात, ज्या जोडीकडे जास्त मेंढ्या ती जिंकली, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले, आणि चारही मेंढ्या एकाच जोडीने मारल्या की कोट. आम्ही कट हुकूम खेळतो, म्हणजे आधी हुकूम ठरवायचा नाही, ज्याच्याकडे पहिल्यांदा चालू रंगाचं पान नसते तो जे टाकतो तोच हुकूम. याच्यात पोरं लवकर शिकतात कारण पाठ करायला काही नाही, फक्त दहिला कुठे दडलाय ते लक्षात ठेवायचं. खूण करायची नाही असा नियम आहे आणि तो कोणीच पाळत नाही. आमचे बाबा ७८ वर्षांचे आहेत, बदामचा दहिला हातात आला की बरोबर कानाची पाळी खाजवतात, माझी आई त्यांची पार्टनर, पन्नास वर्षं झाली, ती म्हणते मला तर माहीतच नाही ते काहून खाजवतात म्हणून. सासऱ्यांना आणि सातवीतल्या पोराला एका बाजूला बसवा, तुमचं काम झालं. धाकट्याला पानं धरता येत नसतील तर त्याच्यासाठी बदाम सात किंवा गुलामचोर, ते पाचवा-सहावा भिडू घेऊनही चालतात. कॅरमही आहेच पण कॅरम गच्चीवर नेऊ नका, बोरिक पावडर उडते आणि उन्हात बोर्ड वाकडा होतो, आमचा झालाय, सगळ्या सोंगट्या एका कोपऱ्यात जातात.

३१ च्या रात्रीचं सांगतो. स्वेटर-टोप्या घालून सगळे वर. एका लोखंडी घमेल्यात शेकोटी पेटवा, सिमेंटच्या स्लॅबवर थेट नको, स्लॅब तडकतो. त्यात चार रताळी टाकून ठेवा. मग नऊच्या सुमारास पूर्वेकडे पाहा, तीन तारे एका ओळीत जवळजवळ दिसतील, ते मृग नक्षत्रातले, मृगाच्या म्हणजे हरणाच्या पोटात घुसलेला बाण. त्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की आकाशातला सगळ्यात ठळक तारा येते, तो व्याध, बाण मारणारा शिकारी. तीच रेघ वर नेली तर तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. पोरांना कृत्तिकेत किती तारे दिसतात ते मोजायला लावा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो आणि भांडण होते, चांगला वेळ जातो. आणि याच्यातली खरी गंमत म्हणजे ३१ च्या मध्यरात्री बाराच्या थोडं पुढे, गावात फटाके वाजत असताना, व्याध बरोब्बर दक्षिणेला त्याच्या सगळ्यात उंच जागी येतो, दरवर्षी, आणि त्याच्या खाली क्षितिजाकडे आणखी एक ठळक तारा दिसतो तो अगस्ती. आमच्याकडे पोरांना बारा वाजल्याचं घड्याळात दाखवत नाही, वर दाखवतो. तोपर्यंत धाकटे बहुतेक झोपलेले असतात म्हणा.

१ तारखेला बाहेर कुठे? टेकडी गणपतीला जायचं असेल तर भल्या पहाटे जा नाहीतर २ तारखेला जा, त्या दिवशी रांग कुठपर्यंत जाते ते पाहिलं की देव पण म्हणत असेल बाप्पा उद्या या. संध्याकाळी फुटाळा तलावाकडे गाडी घेऊन अजिबात जाऊ नका, अर्धा वेळ पार्किंग शोधण्यात जातो. अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावाला सकाळी सातला जा, पाण्यावर धुकं असते, हिवाळ्याचे बाहेरून आलेले पक्षी असतात, दुर्बीण नसली तरी चालते, थर्मासमध्ये चहा मात्र पाहिजे. येताना तर्री पोहे, म्हणजे वरून तिखट रस्सा घातलेले पोहे. तर्री झेपत नसेल तर कमी मागा, लाज नाही त्याच्यात, सासऱ्यांना तर कमीच द्या. कडबी चौकाजवळ मोतीबागला नॅरोगेजचं रेल्वे म्युझियम आहे, तिसरीतलं पोरगं तिथे दोन तास हलत नाही. रामटेकला गडावर जाल तर हातात प्लॅस्टिकची पिशवी धरू नका, माकडं तुमच्यापेक्षा हुशार आहेत. सीताबर्डीचा किल्ला एरवी बंद असतो, २६ जानेवारीला आत सोडतात, तेवढं लक्षात ठेवा.

पण बाहेरचं एकच काही करायचं असेल तर रोडगे, म्हणजे शेतात निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. कोणाचं शेत ओळखीचं असेल, ऑफिसमध्ये विचारा, नागपुरात प्रत्येक ऑफिसात एक तरी माणूस असा असतो ज्याच्या काकाचं शेत आहे. आमच्या लहानपणी आम्ही उमरेडकडे जायचो, इतवारीवरून नागभीडची छोटी लाईन सुटायची, ती इतकी हळू चालायची की वाटेत उतरून बोरं तोडून परत चढता येते असं काका सांगायचे (काकाने कधी करून नाही दाखवलं). ती लाईन २०१९ मध्ये मोठी करायला म्हणून बंद झाली. रोडग्याला फार सामान लागत नाही, जाडसर दळलेली कणीक, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, घट्ट गोळे करायचे, गोवऱ्यांचा जाळ निवला की त्या निखाऱ्यात गोळे सोडायचे आणि वरून राख ओढायची, त्याच्यातच बाजूला वांगी. काढले की राख झटकायची, फोडायचे, तूप, वरण, वांग्याची भाजी. झटकणं हे पोरांचं काम, कपडे जुने घाला. शेतात ज्वारी असेल तर हुरडा पण होतो, आगटीत कणसं भाजून हातावर चोळायची. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ वर गेला होता ना, त्या दिवशी नेमके आम्ही पहाटे बाईकवर हुरड्याला निघालो होतो, पोचलो तर बोटं वळेनात, अर्धा तास हुरडा कोणी खाल्लाच नाही, सगळे आगटीभोवती हात पसरून उभे, शेतवाला म्हणे तुम्ही हुरड्यासाठी आले की शेकासाठी.

आणि मग पतंग. खरं तर सगळं इथेच येऊन थांबते. १ जानेवारीपासून वर पतंग दिसायला लागतात आणि १४ ला आकाश भरून जाते, दिवसभर चहूकडून ओऽऽ काट, ओऽऽ पार, लाऊडस्पीकर, गच्चीगच्चीवर पोट्टे. पतंग घ्यायला जुनी शुक्रवारीत जा, तिथलं दुकान पाहणं हाच एक कार्यक्रम आहे, चक्री, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, तिथेच घ्या. मांज्याचं नीट ऐका. नायलॉनचा मांजा घ्यायचा नाही, कोणी लपवून देत असेल तरी नाही. २०१७ मध्ये हरित लवादाने देशभर त्याच्यावर बंदी घातली तरी दर जानेवारीला कोणाचा ना कोणाचा गळा कापला जातो, पक्ष्यांचं तर कोणी मोजतच नाही. माझ्या चुलतभावाला गालावर सात टाके पडले होते, गाडी हळू होती म्हणून वाचला. या दिवसांत टू-व्हीलरवर गळ्याला जाड दुपट्टा गुंडाळल्याशिवाय निघू नका, पोराला गाडीवर पुढे उभं करून तर बिलकुल नाही, संक्रांतीला पोलीस उड्डाणपूल बंद करतात ते उगाच नाही. आम्ही लहानपणी शिरस, म्हणजे सरस, आणि काचेची भुकटी लावून विजेच्या दोन खांबांमध्ये मांजा सुतायचो, बोटं कापून घ्यायचो आणि फुशारकी मारायचो. आता माझ्या घरी फक्त साधा सुती दोरा, सद्दी, पेच हरतो आम्ही, हरलो तर हरलो, दुसरा पतंग.

शिकवायचं असेल तर आधी जोता, म्हणजे पतंगाला बांधायचा दोरा ज्याला पुढे मांजा जोडतात, तो बांधायला शिकवा, सगळी कला तिथे आहे, बाजारातून आणलेला पतंग सरळ उडतच नाही. तो एका बाजूला कलत असेल तर दुसऱ्या बाजूच्या टोकाला दोऱ्याचा बारका तुकडा बांधा, वजन सारखं होते. एकाने लांब जाऊन दोन्ही हातांनी पतंग धरायचा आणि हवेचा झोत आला की सोडायचा, चक्री धरायला सासरे. सासऱ्यांना चक्री दिली की दहा मिनिटात ते ओरडायला लागतात, ढील दे ढील दे, खेच आता, त्यांनी चाळीस वर्षं पतंग हातात घेतला नसला तरी. गच्चीला कठडा नसेल तर मात्र हा सगळा बेत मैदानात न्या, वर पाहत मागे मागे सरकायची सवय सगळ्यांनाच असते आणि त्याच्यातच पोरं पडतात.

पहिला पतंग फाटणार, दुसरा वायरवर अडकणार (अडकला की सोडून द्या, काठीने काढायचा नाही), तिसरा कुठे उडायला लागला तर लागला, म्हणून एकदम दोन डझन आणून ठेवा. आणि तुम्ही भाड्याच्या घरात असाल तर गच्चीची चावी घरमालकाकडून आत्ताच मागून घ्या, संक्रांतीच्या आठवड्यात त्याचे सगळे भाचे-पुतणे येतात, मग नाही मिळत.