मेट्रोचा ज्येष्ठांचा पास: आधी परतीच्या फेऱ्या मोजा

नमस्कार काका,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही ६७ वर्षांचे, राहायला दहिसर पूर्वेला. सोमवार ते शुक्रवार नातवाला शाळेतून आणायला मेट्रोने गुंदवलीला लेकीकडे जाता. संध्याकाळी बरेचदा जावई गाडीने घरी सोडतात. ज्येष्ठांना २५ टक्के सवलत आहे म्हणून ६० फेऱ्यांचा पास घ्यावा आणि वर्षभराचे १२ हजार रुपये एकदमच कार्डात भरून ठेवावेत, असा तुमचा विचार आहे. काकूंचं काय करायचं, तेही विचारलंय.

६० फेऱ्यांचा पास घेऊ नका, आणि १२ हजार तर अजिबात भरू नका. ४५ फेऱ्यांचा पास तुमच्या फायद्याचा ठरू शकतो, पण जावयांच्या गाडीचा हिशेब आधी मांडायला हवा.

मुंबई मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गांवर (तुमचा प्रवास ७ वरचा) ही सवलत १ मे २०२३ पासून आहे. ती ६५ वर्षांवरच्यांना, बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना आणि दिव्यांगांना मिळते. पण ती सुट्या तिकिटावर नाही, ३० दिवसांच्या ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासावर आहे. जाणं ही एक फेरी, येणं ही दुसरी. दहिसर पूर्व ते गुंदवली तिकीट ३० रुपये, म्हणजे ४५ फेऱ्यांचे १३५० होतात आणि सवलत वजा जाता १०१२ रुपये ५० पैसे. हेच पैसे सुट्या तिकिटांवर घातले तर ३३ फेऱ्या होऊन थोडे उरतात. म्हणून ३० दिवसांत ३४ फेऱ्या झाल्या तरच पास परवडला. ३३ वर थांबलात तर सवलत घेऊनही खिशातून जास्तच गेले.

आता तुमचा महिना धरू. शाळेचे साधारण २२ दिवस, म्हणजे जाण्याच्या २२ फेऱ्या. परतताना निम्मे दिवस गाडी मिळत असेल तर येण्याच्या जेमतेम १०-११. एकूण ३२-३३. सुट्या तिकिटांनी ९६० ते ९९० रुपये लागतील आणि पास त्याहून महाग पडेल. तेच रोज येतानाही मेट्रोनेच आलात तर ४४ फेऱ्या होतात, सुट्या तिकिटांनी १३२० रुपये, आणि पासामुळे महिन्याला ३०० रुपयांच्या वर वाचतात. पास घेतलाय म्हणून जावयांना नको म्हणायचं आणि मेट्रोने यायचं, असं मात्र करू नका. संध्याकाळच्या गर्दीतून सुटका ही तुमच्या वयाला ३० रुपयांपेक्षा मोठी गोष्ट आहे. एक महिना भिंतीवरच्या कॅलेंडरवर परतीच्या फेरीची खूण करत जा. खुणा १२ किंवा त्याहून जास्त झाल्या तर पुढच्या महिन्यापासून पास घ्या.

६० चा पास तुम्हाला का नको? इतर प्रवाशांना ४५ वर १५ टक्के आणि ६० वर २० टक्के सवलत असते, त्यामुळे त्यांना मोठ्या पासाचा मोह पडणं समजू शकतं. ज्येष्ठांना दोन्हीवर २५ टक्केच आहे. एका फेरीला दोन्हीकडे साडेबावीस रुपयेच पडतात. मग ज्या १५ फेऱ्या होणारच नाहीत, त्यांचे ३३७ रुपये ५० पैसे आगाऊ का भरायचे?

मे महिना आणि दिवाळीची सुट्टी यांत पास काढूच नका. शाळा उघडली की घ्या. वयाचा पुरावा सोबत न्या आणि काउंटरवर कुठून कुठे जाता ते नीट सांगा.

१२ हजारांचं म्हणाल तर व्याजाचं नुकसान फार नाही. रक्कम वर्षभर हळूहळू खर्च होणार, त्यामुळे बचत खात्यात मिळालं असतं ते व्याज दीडशे-पावणेदोनशे रुपयांच्या घरात. मला काळजी दुसरीच आहे. तुमच्या मेट्रो कार्डाच्या (एनसीएमसी, म्हणजे मेट्रो-बसला चालणारं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड) चिपमधली रक्कम गेटवर पिन न विचारता कटते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने या ऑफलाइन शिल्लकीवर २००० रुपयांची मर्यादा घातली आहे. कार्ड हरवलं तर ज्याच्या हाती लागेल तो ते वापरू शकतो. शिवाय सवलत हा सरकारी निर्णय आहे. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२० ला थांबवली, ती अजून परत आलेली नाही. त्यामुळे एका महिन्यापुरते, फार तर पाचशे-हजार रुपये कार्डात ठेवा, बाकीचे खात्यातच राहू द्या.

काकू ६३ वर्षांच्या, म्हणजे मेट्रोची ज्येष्ठांची सवलत त्यांना अजून दोन वर्षं नाही. तुमच्या पासावर त्यांनी जाणं बरोबर नाही. आठवड्यातून एकदाच जातात, तर सुटं तिकीटच ठीक.

शेवटी तुम्ही लिहिलेलं एसटीच्या सवलतीचं कार्ड. सोसायटीतला कोणी ते ३०० रुपयांत काढून देतो म्हणतोय, त्याला सरळ नाही म्हणा आणि आधार कार्डाचा फोटो तर मुळीच देऊ नका. गावी जाताना तुम्हाला ६५ ते ७५ वयाची ५० टक्के सवलत आहेच, आणि काकूंना १७ मार्च २०२३ पासून महिला म्हणून तिकीट अर्धंच आहे, त्यांना वयाची अट नाही. ओळखपत्र खिशात ठेवा आणि कार्डाबद्दल काय हवं ते थेट आगारात जाऊन विचारा. पंच्याहत्तरी पूर्ण झाली की राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यासाठीही कोणा मध्यस्थाला पैसे द्यावे लागत नाहीत.